‘बुऱ्हाणपूरकर’ : सोडलेल्या गावाचे आडनाव

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत लोधीपुऱ्यातील आमच्या शाळेत एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. नोकरीतील बदलीमुळे त्यांचे बिऱ्हाड पुण्याहून बुऱ्हाणपुरास आले होते. अर्जावर मुलाचे आडनाव होते ‘बुऱ्हाणपूरकर’. ते वाचून आमच्या कार्यालयातील लेखनिकास हसू आवरले नाही. तो म्हणाला, “सर, इथं तर सगळेच बुऱ्हाणपूरकर आहेत!” पुढे वर्गातही तेच झाले. मुलांना वाटले, नव्या मुलाने थट्टेने स्वतःचे नाव तसे सांगितले. मुलगा गोरामोरा झाला. वडिलांना मी सहज विचारले, “आपले घर इथे कोणत्या पेठेत होते?” ते म्हणाले, “तेवढे ठाऊक नाही, सर. आजोबांनाही ठाऊक नव्हते. आम्ही हे गाव आज प्रथमच पाहतो आहोत.”

या प्रसंगात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. माझ्या नोकरीच्या काळात या गावातील हजारो मुलांची नावे माझ्या हाताखालून गेली. त्यांत ‘बुऱ्हाणपूरकर’ हे आडनाव मला पूर्वी कधी आढळले नव्हते. जे आडनाव या गावाचे, ते या गावात नाही. ते पुण्यात आहे, आणखी कोठे कोठे असेल. आणि ज्या कुळाने ते पिढ्यानपिढ्या जपले, त्या कुळाला गावाची एक गल्लीही आठवत नाही. हा विरोधाभास वरवरचा आहे. ग्रामनामावरून पडणाऱ्या आडनावांचा मूळ नियमच असा आहे की, मनुष्य ज्या गावात राहतो त्या गावाचे नाव त्यास मिळत नाही. जे गाव तो सोडतो त्याचे मिळते. आडनाव ही वास्तव्याची खूण नसून प्रस्थानाची खूण होय. प्रस्तुत लेखात हा नियम काही परिचित उदाहरणांच्या आधारे तपासून पाहण्याचा आणि त्यातून आम्हा शिक्षकांवर येणाऱ्या एका जबाबदारीकडे लक्ष वेधण्याचा विचार आहे.

मराठी आडनावांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. देशमुख, कुलकर्णी, पोतनीस, सबनीस, सुतार, सोनार ही वतनाची, अधिकाराची किंवा व्यवसायाची नावे. एखाद्या पूर्वजाच्या गुणावगुणांवरून अथवा घडलेल्या प्रसंगावरून पडलेली नावे हा दुसरा वर्ग. तिसरा वर्ग ‘कर’ प्रत्ययाच्या ग्रामनामांचा. पहिल्या दोन वर्गांतील नावे कुळाचा उद्योग किंवा स्वभाव सांगतात, पण कुळ कोठून आले ते सांगत नाहीत. कुलकर्णी गावोगाव होते. पेवेकर, चेऊलकर, पैठणकर म्हटले की नकाशावर बोट ठेवता येते. म्हणूनच स्थलांतराच्या इतिहासास या तिसऱ्या वर्गाचे मोल अधिक आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आमच्या शेजारच्या धुळ्यास बसून ग्रामनामे व व्यक्तिनामे यांच्या व्युत्पत्तीचा जो उद्योग केला, त्यामागे हीच दृष्टी होती. ज्या काळाचे कागद उरले नाहीत, त्या काळाची साक्ष नावे देतात, असा त्यांचा विश्वास होता.

मात्र ही साक्ष घेताना सावध राहावे लागते. उदाहरण दूरचे नको, आमच्या लोधीपुऱ्याचेच घ्या. लोधी ही नर्मदेच्या आणि बुंदेलखंडाच्या परिसरात पसरलेली कष्टाळू शेतकरी जात. लोदी हे अफगाण कुळ; दिल्लीची सुलतानी करणारे हेच, आणि शहाजहानविरुद्ध १६२९ साली बंड करणारा व त्यापूर्वी दक्षिणेच्या सुभेदारीच्या निमित्ताने बुऱ्हाणपुरात वावरलेला खानजहान लोदी हाही याच कुळातला. ‘ध’ आणि ‘द’ यांत एका श्वासाचे अंतर; पण त्या अंतरात दोन समाज, दोन भाषा आणि दोन निरनिराळे प्रवास आहेत. केवळ कानाला सारखे लागते म्हणून एकास दुसऱ्याचे पूर्वज ठरविणे हा नामसंशोधनातील सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग होय. एवढे मात्र खरे की, ‘पुरा’ आणि ‘कर’ यांचा प्रवास उलट दिशेने होतो. बाहेरून आलेल्या माणसांचे नाव वस्तीस मिळते तेव्हा ‘पुरा’ होतो. सोडलेल्या वस्तीचे नाव माणसास मिळते तेव्हा ‘कर’ होतो. बुऱ्हाणपुरातील सिंधीपुरा हे पहिल्याचे उत्तम उदाहरण. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेले सूफी संत आणि त्यांच्या पाठोपाठ आलेले विणकर तेथे वसले आणि त्यांच्या मूळ देशाचे नाव त्या मोहल्ल्यास चिकटले. सिंध देशात कोणत्याही मोहल्ल्यास सिंधीपुरा म्हणण्याचे कारण पडणार नाही.

खुद्द बुऱ्हाणपूर हे नावही अशाच एका परक्याचे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फारुकी घराण्यातील नासीरखान याने तापीच्या काठी हे नगर वसविले आणि त्यास शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब या चिश्ती संताचे नाव दिले. हा संत जन्मला हांसी येथे, वाढला दिल्लीस निजामुद्दीन अवलियांच्या सहवासात, आला दौलताबादेस, आणि १३३७ साली निवर्तल्यावर खुलदाबादेस चिरविश्रांती पावला. नगर वसले तेव्हा त्यास जाऊन साठ वर्षे उलटली होती. त्याच्या नावापुढील ‘गरीब’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ आपण समजतो तसा ‘निर्धन’ असा नाही. ‘घरापासून दूर असलेला, परका’ असा आहे. म्हणजे हे गावच मुळी एका परक्याच्या नावाने वसले. ज्या गावाने पुढे शेकडो कुळांना परगावी पाठविले, त्याच्या वाट्यास असे नाव यावे हा योगायोग मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आता या गावाच्या नावाने बाहेर पडलेल्या माणसांकडे वळू. त्यांची तीन वेषांतरे दिसतात : ‘बुऱ्हाणपुरी’, ‘बुऱ्हाणपूरवाला’ आणि ‘बुऱ्हाणपूरकर’.

पहिला वेष अरबी-फारसी विद्येचा. शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह हे येथील सूफी पंडित १६२० साली वारले. त्यांनी १५९० मध्ये ‘अत्‌-तुहफा अल्‌-मुर्सला’ हा अद्वैतसदृश तत्त्वज्ञानाचा एक छोटा ग्रंथ अरबीत लिहिला. तो ग्रंथ हज यात्रेकरूंच्या आणि विद्यार्थ्यांच्या हस्ते समुद्रापार सुमात्रा व जावा बेटांपर्यंत गेला, तेथील धर्मचर्चेत मानला गेला आणि जावानीज भाषेतही उतरला. त्या दूरच्या बेटांवर ग्रंथकर्त्याची ओळख काय, तर ‘अल्‌-बुऱ्हाणपुरी’. ज्यांनी तापी पाहिली नाही, ज्यांना खानदेश कोणत्या दिशेस आहे हे ठाऊक नाही, त्यांच्या ओठी या गावाचे नाव बसले. बुऱ्हाणपुरात मात्र त्यांस ‘बुऱ्हाणपुरी’ म्हणून कोणी हाक मारली असती, तर ती हाक साऱ्या बाजाराला लागू पडली असती.

दुसरा वेष व्यापाराचा. लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाचे दरगाह-ए-हकीमी हे विख्यात तीर्थस्थान आहे. १७३० साली निधन पावलेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची येथे समाधी आहे. मुंबईपासून पूर्व आफ्रिकेपर्यंतचे यात्रेकरू वर्षभर येथे येतात. त्यांची आडनावे ऐकत बसणे हा माझा जुना छंद. कोणी धंद्यावरून लोखंडवाला, कोणी गावावरून रतलामवाला, कोणी गोध्रावाला. त्यांतच बुऱ्हाणपूरवाला हे आडनाव असते, आणि ते सांगणारा हमखास बाहेरगावचा असतो. दुकानाची पाटी, न्यायालयाचा कागद, शाळेचा दाखला यांस कुळाचे निश्चित नाव लागू लागले तेव्हा या समाजाने ‘वाला’ हा सुटसुटीत प्रत्यय जवळ केला. ‘कर’ आणि ‘वाला’ यांत भाषेचा भेद आहे, न्याय एकच.

तिसरा वेष आपला, मराठीचा. मृदंगाचार्य गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांना १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा या नावाची दखल साऱ्या देशाने घेतली. कलावंताच्या बाबतीत तर हा न्याय अधिकच स्पष्ट होतो. गावात तो गोविंदराव असतो; गावाबाहेरच्या मैफलीत लोक विचारतात, “हे कुठले?” आणि त्या प्रश्नाचे उत्तर हेच त्याचे आडनाव होऊन बसते.

येथे कोणी चाणाक्ष वाचक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे उदाहरण पुढे करील. महाराष्ट्रात ख्याल गायकी रुजविणारे बाळकृष्णबुवा १८४९ साली जन्मले व १९२६ साली निवर्तले. त्यांनी इचलकरंजी सोडली नाही. उलट तेथील संस्थानिकांच्या आश्रयाने ते तेथे स्थिरावले आणि मग त्यांना ते नाव मिळाले. तेव्हा सोडलेल्या गावाचा नियम येथे मोडतो काय? माझ्या मते मोडत नाही, अधिक नेमका होतो. इचलकरंजीत त्यांस इचलकरंजीकर म्हणण्याचे कोणासच कारण नव्हते. ते नाव मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांनी व देशभर पसरलेल्या शिष्यशाखेने रूढ केले. म्हणजे ग्रामनामाचे आडनाव देणारा नेहमी गावाबाहेरचा असतो. मनुष्य स्वतःहून ते घेतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः परके लोक ते त्यास देतात आणि तो ते स्वीकारतो.

हा न्याय केवळ आपल्या देशापुरता नाही. १६१५ च्या नोव्हेंबर महिन्यात सुरतेहून अजमेरास जाताना इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बुऱ्हाणपुरात उतरला आणि शहाजादा परवेझ यास भेटला. या गावात आलेल्या पहिल्यावहिल्या इंग्रजी आडनावांपैकी हे एक. ‘रो’ म्हणजे एका जातीचे हरीण. पूर्वजाच्या चपळाईवरून किंवा बुजरेपणावरून पडलेले ते नाव. इंग्रजांतही वतनाची, व्यवसायाची, गुणांची आणि गावांची अशीच आडनावे आहेत. त्यांतील एक आडनाव आपल्या विषयाची कळच फिरविते. ‘इंग्लिस’ याचा अर्थ ‘इंग्रज’. हे आडनाव कोठले? इंग्लंडचे नव्हे, स्कॉटलंडचे! इंग्लंडात सारेच इंग्रज. तेथे एकालाच इंग्रज म्हणून ओळखता कसे यावे? सीमा ओलांडून स्कॉटलंडात गेलेल्या माणसासच शेजाऱ्यांनी ‘इंग्रज’ म्हणून ओळखले. त्याच न्यायाने ‘वॉल्श’ आणि ‘वॉलेस’ ही ‘वेल्श’ या अर्थाची आडनावे वेल्सच्या बाहेर, आयर्लंडात व स्कॉटलंडात वाढली. आपल्याकडील कानडे, तेलंग, द्रविड ही आडनावे याच जातीची होत. कर्नाटकात कानडे कोण शोधील? ती नावे मराठी मुलखातच अर्थपूर्ण ठरतात.

इंग्रजी आडनावांच्या प्रवासाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वॉशिंग्टन घराण्याचे. बाराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम नावाच्या एका सरदाराने हार्टबर्न येथील आपली मालमत्ता देऊन डरहॅम प्रांतातील वेसिंग्टन हे गाव घेतले आणि जुने नाव टाकून नव्या जहागिरीचे नाव धारण केले. सरदारांच्या बाबतीत असे घडे, कारण त्यांचे नाव जमिनीच्या हक्काशी बांधलेले असे. सामान्य माणसाचे नाव मात्र त्याच्या पाऊलवाटेशी बांधलेले असे. पुढे त्या कुळाची एक शाखा दक्षिणेस सरकली. लॉरेन्स वॉशिंग्टन या लोकरीच्या व्यापाऱ्याने १५३९ साली नॉर्थम्प्टनशायरमधील सल्ग्रेव्ह येथील जमीन विकत घेतली. त्याच्या वंशातील जॉन वॉशिंग्टन १६५६-५७ च्या सुमारास अमेरिकेतील व्हर्जिनियात जाऊन राहिला. जॉर्ज वॉशिंग्टन हा त्याचा पणतू. १७९१ साली नव्या राजधानीस त्याचे नाव देण्यात आले. एका खेड्याचे नाव माणसास मिळाले, त्या माणसाच्या वंशजाचे नाव महानगरास. आमच्या गावाची कथा नेमकी याच्या उलट : एका संताचे नाव नगरास मिळाले आणि त्या नगराचे नाव अज्ञात कुळांस.

मराठी इतिहासात वॉशिंग्टनच्या तोडीचे उदाहरण होळकरांचे. नीरा नदीच्या काठचे होळ हे लहानसे गाव. या घराण्याचे पूर्वीचे आडनाव वीरकर होते आणि वाफगावाहून ते होळ येथे आले, असे परंपरा सांगते. मल्हारराव १६९३ साली होळ येथे जन्मले. वडील खंडोजी लवकरच वारले. तेव्हा आईने लहानग्या मल्हारीस घेऊन खानदेशातील तळोदे गाठले, आपला भाऊ भोजराज बारगळ याच्या आश्रयास. भोजराज तेथे कदम बांड्यांच्या पदरी शिलेदार होता. होळच्या मुलाला होळकर म्हणण्याचे प्रयोजन होळात नव्हते, ते तळोद्यात होते. पुढे पेशव्यांच्या सेवेत तलवार गाजवीत मल्हारराव माळव्यात गेले, १७३० नंतरच्या काही वर्षांत इंदूर त्यांच्याकडे आले, आणि १७६६ साली आलमपूर येथे त्यांचा अंत झाला. अहिल्याबाईंनी राजधानी नर्मदातीरी महेश्वरास नेली, ती आमच्या निमाडातच. राज्य गेले, संस्थान विलीन झाले. पण नीराकाठचे ते खेडे होळकर या शब्दात नर्मदेच्या काठी आजही उच्चारले जाते. मल्हाररावांचे वडील दीर्घायुषी असते आणि माय-लेकरांना होळ सोडावे लागले नसते, तर त्या गावाचे नाव त्याच्या चावडीबाहेर कोणी घेतले असते काय? एका विधवेच्या असहाय प्रवासाने ते नाव जगापुढे आणले. मोठ्या आडनावांच्या मुळाशी बहुधा अशी एखादी दुःखाची वाट असते.

इंदूर नगरीने अशी नावे ओढून घेतली. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकीर्दीत १८७३ ते १८७५ या काळात तेथील दिवाण होते सर टी. माधवराव. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत गेलेल्या देशस्थ कुळातील हा मुत्सद्दी १८२८ साली कुंभकोणास जन्मला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी त्याने केली. तमिळ देशाच्या रीतीने त्याचे गाव नावाच्या शेवटी न राहता आरंभी गेले आणि आक्रसून एका अक्षराचे झाले : ‘टी’ म्हणजे तंजावर. पुढे त्याच इंदुरात १९२९ साली लता मंगेशकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दीनानाथ गोव्यातील मंगेशीचे. कुळाचे नाव वेगळे असता, गाव सोडून रंगभूमीवर गेलेल्या या कलावंताने ‘मंगेशकर’ हे नाव धारण केले. होळ, तंजावर आणि मंगेशी ही तीन टोकांची गावे एका इंदुराच्या इतिहासात अशी एकत्र आली.

कधी कधी भाषा जाते, आडनाव राहते. सखाराम गणेश देऊसकर १८६९ साली देवघर परिसरात जन्मले. त्यांच्या पूर्वजांचे देऊस हे गाव कोकणात. पण सखारामांची लेखणी बंगालीत चालली आणि १९०४ सालच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथाने वंगभंगाच्या चळवळीस बळ दिले. त्यांचे भाचे बाबुराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीस जन्मले. पराड हेही कोकणातील गाव. बाबुराव हिंदीचे थोर संपादक झाले; काशीच्या ‘आज’ या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. मामा बंगालीचा, भाचा हिंदीचा, आणि दोघांच्या नावांत कोकणातली दोन खेडी! अलिबागजवळच्या किहीम गावाचे नाव तर एका बेने इस्रायली इतिहासकाराने नेले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली तेल अवीव येथे. कोकणात तेल गाळणारा हा मराठी भाषक यहुदी समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलात गेला आणि आपल्याबरोबर कोकणच्या खेड्यांची नावे घेऊन गेला. हजारो वर्षांनी ‘मूळ भूमीस’ परतलेल्या या लोकांची ओळख तेथे काय? पेणकर, चेऊलकर, केहीमकर. परत जाणारालाही सोडलेले गाव सोडीत नाही.

येथपर्यंत आडनावांच्या चिवटपणाची कथा झाली. परंतु आडनाव जितके चिवट तितकेच नाजूक असते, आणि त्यास मारणारी गोष्ट म्हणजे नोंदवही. मॉरिशस बेटावर १८३४ पासून हिंदी मजूर करारावर नेले गेले. त्यांत मराठी माणसेही होती. आगबोटीतून उतरलेल्या माणसाने स्वतःचे जे नाव सांगितले, ते कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे परक्या लिपीत उतरविले, आणि अनेक घरांत पणजोबाचे ते एकेरी नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. तेथे ‘कर’ची वाट तुटली. गाव विचारण्यास कारकुनास सवड नव्हती.

मॉरिशसच्या त्या कारकुनास दोष देण्यापूर्वी मला माझ्या स्वतःच्या हस्ताक्षराकडे पाहावे लागते. मध्यप्रदेशातील शाळांचे दप्तर हिंदीत चालते. हिंदी ही आमची रोजच्या व्यवहाराची आणि प्रेमाची भाषा आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. पण तिच्या नेहमीच्या लेखनात ‘ळ’ नाही. होळकर येथे ‘होलकर’ होतात, पिंगळे ‘पिंगले’ होतात, काळे ‘काले’ होतात. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नवा शिक्षक असताना प्रवेशाच्या गर्दीत एका मुलाचे नाव मी नोंदवहीत लिहिले. आडनाव ‘मुळे’. मी सवयीने ‘मुले’ लिहिले. माझ्या मराठी कानाला त्यात काही खटकले कसे नाही, हे आज सांगता येत नाही. त्या नोंदीवरून दाखला निघाला, दाखल्यावरून पुढच्या शाळेची नोंद, त्यावरून परीक्षेची प्रमाणपत्रे.

तीन वर्षांपूर्वी तो विद्यार्थी प्रौढ होऊन माझ्याकडे आला. वडील वारले होते. घराच्या कागदांवर वडिलांचे नाव जुन्या मराठी वळणाने ‘मुळे’ असे होते, आणि मुलाचे सारे दाखले ‘मुले’ या नावाने. वारसाची नोंद करताना विचारणा झाली की, मुळे यांचा मुलगा मुले कसा? त्याने शपथपत्र केले, खेटे घातले, आणि अखेर शाळेची मूळ नोंद पाहण्यास आला. मी जुनी वही काढली. माझेच अक्षर होते. तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, “सर, बाबा सही करताना ‘ळ’ला मोठी गाठ मारायचे.” मी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रमाणपत्र त्यास लिहून दिले. त्याचे काम पुढे झालेही. पण एका अक्षराच्या आळसाने एका कुळाचे मूळ मी नोंदवहीतून उपटले होते, आणि ते पुन्हा लावण्यास त्या मुलाला दोन वर्षे लागली, हे मी विसरू शकत नाही.

बुऱ्हाणपुरासारख्या गावात ही गोष्ट अधिक गंभीर आहे. मोगलांच्या काळी हे शहर खानदेश सुभ्याची राजधानी होते. १७६० साली उदगीरच्या तहाने ते मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, १८६० साली इंग्रजांच्या ताब्यात जाऊन मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यास जोडले गेले. खानदेश मुंबई इलाख्यात राहिला आणि त्याची जुनी राजधानी दुसऱ्या प्रांतात गेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ती रेषा पक्की केली; २००३ पासून बुऱ्हाणपूर हा मध्यप्रदेशातील स्वतंत्र जिल्हा आहे. गाव हलले नाही, सीमा हलली. त्यामुळे येथील कित्येक मराठी कुळे कोठेही न जाता परप्रांती झाली. त्यांच्या घरांत मराठी बोलणे पिढीगणिक कमी होत आहे. ती भाषा उद्या कदाचित ओठांवर राहणार नाही; पण आडनाव शुद्ध राहिले तर नातवंडास निदान विचारता येईल की, आपण कोठले? ‘मुले’ या शब्दाला तो प्रश्न विचारता येत नाही. ‘मुळे’ या शब्दाला येतो.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने मी माझ्या शिक्षकबंधूंस आणि आपल्या अकादमीस एक विनंती करतो. काम मोठ्या विद्वत्तेचे नाही, चिकाटीचे आहे. प्रत्येक शाळेत एक साधी वही असावी. तिच्यात तीनच गोष्टी लिहाव्यात : विद्यार्थ्याचे आडनाव घरात जसे उच्चारले जाते तसे, त्या नावामागील गाव घरच्यांस ठाऊक असल्यास ते, आणि गाव सोडल्याची जी आठवण आजी-आजोबा सांगतील ती, त्यांच्याच शब्दांत. दुष्काळ, प्लेग, गिरणी, लष्कर, लग्न, भाऊबंदकी, जे कारण असेल ते. इतिहासकारास यातले सारेच ग्राह्य वाटणार नाही. परंपरा आणि पुरावा यांत भेद करावाच लागेल. पण जी आठवण टिपलीच गेली नाही, तिच्यात असा भेद करण्याची संधीही उरत नाही. अशा पाच-पंचवीस शाळांच्या वह्या अकादमीकडे जमल्या, तर तापी-नर्मदेच्या दुआबात मराठी माणूस कोणकोणत्या वाटांनी आला, याचा एक नकाशा तयार होईल. तो कोणत्याही दप्तरखान्यात आज तयार मिळणार नाही.

आमच्या शाळेत ही वही गेल्या वर्षी सुरू झाली. तिचे पहिले नाव अर्थातच ‘बुऱ्हाणपूरकर’. शासकीय नोंदवहीत आणि संगणकावर ते हिंदी वळणाने गेले. वहीत मात्र मी ते मराठी वळणाने लिहिले, ‘ऱ्ह’ आणि ‘ण’ यांसह. गाव : बुऱ्हाणपूर. सोडल्याचे कारण : माहीत नाही. चौथा रकाना वहीत नव्हता. त्या मुलाने स्वतःच समासात पेन्सिलीने एक ओळ जोडली आहे, ‘परत आलो’, आणि पुढे तारीख घातली आहे. मी ती खोडलेली नाही.